१८०० ची निवडणूक : जर-तरच्या गोष्टीत कोण मोजले जाते?

आपल्याकडे कुणी ‘असे झाले असते तर’ म्हणून लांबण लावली की ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ एवढे म्हणून त्याचे तोंड बंद करता येते. इतिहासाच्या अभ्यासकांनीही जर-तरला फारसा मान दिलेला नाही. ई. एच. कार यांनी ‘व्हॉट इज हिस्टरी?’ (१९६१) या पुस्तकात त्याची गणना बैठकीच्या खेळात केली आणि असे प्रश्न बहुधा हरलेल्या बाजूला सुचतात, असेही बजावले. तरी खेळ थांबलेला नाही. वॉटर्लूला नेपोलियन जिंकला असता तर काय, यावर ट्रेव्हेल्यन यांनी १९०७ मध्ये निबंध लिहिला. १९३१ मध्ये जे. सी. स्क्वायर यांनी अशा निबंधांचा संग्रहच काढला आणि त्यात चर्चिलही लिहिते झाले. आपण मराठी माणसे तर पानिपताबद्दल पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो आहोत. पानिपताचे बोलून संपले की थोरले माधवराव आणखी वीस वर्षे जगले असते तर, हा पुढचा विषय तयारच असतो.

मराठीत या प्रकाराची सर्वांत नेटकी गोष्ट जयंत नारळीकरांची आहे. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पडतात, जिथे मराठे पानिपत जिंकलेले असतात. का, तर विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे कानाला चाटून गेलेली असते. सारा फरक गोळीच्या त्या दोन बोटे वाटेचा. नारळीकर भौतिकशास्त्रज्ञ असल्यामुळे त्यांना असाच सांधा हवा होता: लहान, नेमका, ज्यात कुणाच्या इच्छेचा प्रश्न नाही. कथा म्हणून ते बिनतोड आहे. पण जर-तरचे सगळेच सांधे असे गोळीच्या आकाराचे नसतात, आणि मला या लेखात बोलायचे आहे ते दुसऱ्या जातीच्या सांध्याविषयी. त्यासाठी मी निवडलेले उदाहरण अमेरिकेतले आहे: अध्यक्षपदाची १८०० सालची निवडणूक. (काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो; त्याच वर्षीच्या मार्चमध्ये पुण्यात नाना फडणवीस वारले.) या निवडणुकीचे जर-तर अनेकांनी लिहिले आहेत, कादंबरीतून, रंगभूमीवर आणि विद्यापीठीय ग्रंथांतूनही. गेली काही वर्षे मी ते हाती लागतील तसे वाचत आलो. त्यांतले बहुतेक रंजक आहेत. पण त्यांत एक चमत्कारिक पोकळी आहे आणि ती योगायोगाची नाही, असे माझे मत झाले आहे.

आधी घडले ते. विद्यमान अध्यक्ष जॉन ॲडम्स फेडरलिस्ट पक्षाचे. त्यांच्या जोडीला दक्षिण कॅरोलिनाचे चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी. समोर रिपब्लिकन (आजच्या त्या नावाच्या पक्षाशी याचा संबंध नाही) थॉमस जेफर्सन आणि न्यूयॉर्कचे एरन बर. राज्यघटनेप्रमाणे प्रत्येक निर्वाचकाने दोन नावे लिहायची. अध्यक्ष कोण आणि उपाध्यक्ष कोण हे लिहायचे नाही. ज्याला सर्वाधिक मते तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. निर्वाचक एकूण १३८. रिपब्लिकन इतके शिस्तीने वागले की जेफर्सन ७३ आणि बर ७३ अशी बरोबरी झाली. फेडरलिस्टांनी मात्र एक मत जॉन जे यांच्याकडे वळवून ॲडम्स ६५, पिंकनी ६४ असा फरक राखला होता. हुशारी हरलेल्या बाजूने दाखवली, असे क्वचितच होते.

बरोबरी सुटावी म्हणून निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे प्रत्येक राज्याला एक मत, राज्ये १६, जिंकायला ९ हवीत. आणि हे गृह जुने, म्हणजे फेडरलिस्टांच्या वर्चस्वाचे. ११ फेब्रुवारी १८०१ पासून मतदान सुरू झाले. जेफर्सन ८, बर ६, दोन राज्ये आतल्या आत दुभंगलेली. फेरीमागून फेरी तेच. मेरिलँडचे जोसेफ निकल्सन तापाने फणफणले होते, तरी हिमवर्षावात त्यांना खाटेवरून सभागृहाशेजारच्या खोलीत आणले गेले. ते पडल्या पडल्या मत देत राहिले म्हणून मेरिलँड दुभंगलेले राहिले. ३५ फेऱ्या झाल्या. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात नागरी सेना सज्ज ठेवण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. १७ फेब्रुवारीला छत्तिसाव्या फेरीत कोंडी फुटली: जेफर्सन १०, बर ४, दोन राज्ये कोरी.

जर-तरवाल्यांना मोह पडतो तो इथे, आणि तो का पडतो हे समजण्यासारखे आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन जेफर्सनचे वैरी, पण बर यांचा त्यांना त्याहून अधिक तिटकारा. त्यांनी आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रांवर पत्रे लिहिली की बर नको, त्यापेक्षा जेफर्सन परवडला. तीन वर्षांनी, ११ जुलै १८०४ रोजी, द्वंद्वयुद्धात बर यांच्याच गोळीने हॅमिल्टन जबर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी वारले. एवढा मालमसाला आयता मिळाल्यावर नाटककार काय सोडणार? लिन-मॅन्युएल मिरांडा यांच्या ‘हॅमिल्टन’ (२०१५) या गाजलेल्या संगीतिकेत निवडणुकीचे पारडे हॅमिल्टनच्या एका शब्दाने झुकते आणि त्यातूनच द्वंद्वाची ठिणगी पडते. रंगभूमीवर हे फार परिणामकारक आहे. प्रत्यक्षात द्वंद्वाला कारण झाली ती न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाची १८०४ ची निवडणूक. आणि हॅमिल्टनच्या पत्रांचे म्हणाल तर ती डिसेंबर-जानेवारीतच पोचली होती, तरी फेडरलिस्ट ३५ फेऱ्या बर यांनाच मत देत राहिले. हॅमिल्टनने पत्रे लिहिली नसती तर? बहुधा तेच झाले असते, कदाचित दोन दिवस इकडे-तिकडे.

कोंडी फोडली ती डेलावेअरचे एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड यांनी. पण त्यांनी जेफर्सनला मत दिले नाही, आपले मत कोरे ठेवले. मेरिलँडच्या फेडरलिस्टांनीही कोरी मते टाकली, व्हर्माँटचे लुइस मॉरिस सभागृहाबाहेर राहिले. व्हर्माँटचे मत मग मॅथ्यू लायन यांच्या एकट्याच्या हाती आले. हे गृहस्थ ॲडम्सच्या राजद्रोह कायद्याखाली तुरुंगात गेलेले आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून आलेले. जेफर्सन यांचे अध्यक्षपद अखेरीस कुणाच्या मतपरिवर्तनाने आले नाही, विरोधकांच्या कोऱ्या चिठ्ठ्यांनी आले. याचे नाट्य फार सूक्ष्म आहे, ते गाण्यात बसत नाही हे खरे.

बर अध्यक्ष झाले असते तर, हा प्रश्न मला व्यक्तिशः तितकासा ओढत नाही. बर हे कादंबरीचे पात्र म्हणून अव्वल आहेत आणि गोर विडाल यांनी ‘बर’ (१९७३) मध्ये त्याचे सोने केले. म्हातारे, फटकळ, संस्थापकांच्या पुतळ्यांवरची धूळ झटकणारे बर तिथे तरुण लेखनिकाला आपली बाजू सांगतात. ही कादंबरी जर-तरची नव्हे, आहे त्या इतिहासाचीच आहे. पण तिने एक लकब रूढ केली: १८०० म्हणजे चार-पाच बड्या माणसांच्या स्वभावांची टक्कर. त्यांतल्या एकाचा स्वभाव थोडा बदलून पाहायचा, की झाला पर्यायी इतिहास. कोंडी चालू असताना बर राजधानीकडे फिरकलेच नाहीत. ते ऑल्बनीत होते, तिथे त्यांच्या मुलीचे, थिओडोशियाचे लग्न झाले. ते आले असते तर? आले असते तरी बेयर्ड यांच्यापुढची अडचण तीच होती: ४ मार्चला ॲडम्सची मुदत संपत होती आणि त्यानंतर अध्यक्षच नाही.

याच्या अगदी उलट टोकाला वैज्ञानिक कादंबरीवाले आहेत. एल. नील स्मिथ यांच्या ‘द प्रॉबेबिलिटी ब्रोच’ (१९८०) मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात एकच शब्द वाढतो आणि त्या धक्क्याने वॉशिंग्टनना देहदंड होतो, ॲल्बर्ट गॅलॅटिन अध्यक्ष होतात, सरकार नावाची गोष्ट हळूहळू विरून जाते आणि सगळे सुखी होतात. लेखकाला जे जग हवे होते ते मिळाले, एवढेच त्यातून कळते. कार यांचा टोमणा अशा पुस्तकांना बरोबर लागू पडतो.

मग कसोटी कोणती? नायल फर्ग्युसन यांनी ‘व्हर्च्युअल हिस्टरी’ (१९९७) च्या प्रस्तावनेत एक दिली आहे आणि ती कामाची आहे: त्या काळच्या माणसांनी ज्या पर्यायांचा स्वतः विचार केला आणि तो कागदावर ठेवला, तेवढेच पर्याय विचारात घ्यावेत. ही कसोटी लावून १८०० कडे पाहिले की बेयर्ड आणि बर यांच्या आधीचा, कमी नाट्यमय पण कितीतरी भक्कम सांधा दिसतो. तो न्यूयॉर्कचा.

१७९६ मध्ये न्यूयॉर्कची सर्व १२ मते ॲडम्सना गेली होती. निर्वाचक निवडायचे राज्याच्या विधिमंडळाने, म्हणून खरी लढाई एप्रिल १८०० च्या अखेरीस विधिमंडळाच्या निवडणुकीत झाली आणि त्यातही न्यूयॉर्क शहराच्या १३ जागांवर. बर यांनी तिथे आजचा कुठलाही वॉर्डातला कार्यकर्ता ओळखील असे काम केले: मतदारांच्या याद्या केल्या, घरोघरी माणसे धाडली, माजी गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन आणि जनरल होरेशियो गेट्स यांच्यासारख्या बड्या नावांना विधिमंडळाच्या किरकोळ जागांसाठी उभे केले. हॅमिल्टनची यादी त्यापुढे फिकी पडली. शहरातल्या तेराही जागा रिपब्लिकनांकडे गेल्या आणि त्यांबरोबर न्यूयॉर्कची बारा मते.

७ मे रोजी हॅमिल्टनने गव्हर्नर जॉन जे यांना पत्र लिहिले. नवे विधिमंडळ जुलैत यायचे होते. जुने, फेडरलिस्ट बहुमताचे, अजून कागदोपत्री जिवंत होते. त्याचे तातडीचे अधिवेशन बोलवा आणि निर्वाचक जिल्ह्यांतून निवडण्याचा कायदा करून घ्या, अशी मागणी. म्हणजे फेडरलिस्टांच्या पदरी बारांतली काही तरी मते पडली असती. जे स्वतः फेडरलिस्ट. त्यांनी काहीच केले नाही. पत्राला उत्तर धाडले नाही. त्यावर, ही सूचना पक्षासाठी आहे आणि ती अमलात आणणे आपल्याला शोभणार नाही, अशा अर्थाचा शेरा लिहून ते ठेवून दिले.

मी कागदावर आकडे मांडून पाहिले. बारांपैकी फक्त पाच मते ॲडम्सकडे वळली असती तर ॲडम्स ७० आणि जेफर्सन ६८. पाच. फर्ग्युसन यांच्या कसोटीला उतरणारा याहून स्वच्छ जर-तर मला माहीत नाही: पर्याय लेखी सुचवलेला, अमलात आणणे एका माणसाच्या हाती, आणि निकाल बदलायला पुरेसा. शिवाय त्यात अनैसर्गिक काही नाही. त्या वर्षी नियम सगळीकडेच बदलले जात होते. जेफर्सनच्या व्हर्जिनियाने जिल्हावार पद्धत टाकून सर्व २१ मते एकगठ्ठा देण्याचा कायदा केला. ॲडम्सच्या मॅसॅच्युसेट्सने निवड मतदारांकडून काढून विधिमंडळाकडे घेतली. पेनसिल्व्हेनियात जनमत रिपब्लिकनांकडे असताना फेडरलिस्ट सिनेटने अडवणूक करून १५ मतांची ८-७ अशी वाटणी पदरात पाडून घेतली. एकट्या जे यांनी नियम बदलला नाही, आणि याबद्दल त्यांच्या नावाने संगीतिका निघालेली नाही.

आणखी एक सांधा अभ्यासकांनी अलीकडे शोधला. मतमोजणी सिनेटच्या अध्यक्षाने, म्हणजे उपाध्यक्षाने करायची. तेव्हा उपाध्यक्ष होते जेफर्सनच. जॉर्जिया राज्याकडून आलेले प्रमाणपत्र घटनेने सांगितलेल्या नमुन्यात नव्हते. ब्रूस ॲकरमन आणि डेव्हिड फोंटाना यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की ही चार मते बाजूला ठेवली असती तर जेफर्सन आणि बर प्रत्येकी ६९ वर येत होते, बहुमताला एक कमी. आणि मग प्रतिनिधिगृहाला दोघांतून नव्हे, तर ॲडम्स-पिंकनींसह पहिल्या पाचांतून निवड करता आली असती. जेफर्सननी कागद पाहिला आणि मते मोजली. जॉर्जियाने मते त्यांनाच दिली होती याविषयी शंका नाही, त्यामुळे मला त्यात लबाडी दिसत नाही. कायद्याच्या अभ्यासकांना हा जर-तर प्रिय असणे साहजिक आहे.

आता मी ज्या पोकळीचा उल्लेख केला तिच्याकडे येतो. गॅरी विल्स यांच्या ‘नीग्रो प्रेसिडेंट’ (२००३) या पुस्तकाचे शीर्षक म्हणजे फेडरलिस्टांनी जेफर्सनला दिलेले टोपणनाव. जेफर्सन निवडून आले ते गुलामांच्या जोरावर, असा त्याचा अर्थ. घटनेनुसार प्रतिनिधिगृहातल्या जागा ठरवताना स्वतंत्र माणसे पूर्ण आणि गुलाम तीन-पंचमांश मोजायचे. जागांवरून निर्वाचक ठरायचे. म्हणजे ज्याला मत नाही त्याच्या डोक्याची बेरीज त्याच्या मालकाच्या मताला मिळायची. विल्स म्हणतात, जेफर्सनच्या ७३ मतांपैकी किमान १२ या बेरजेची होती, आणि ॲडम्स तर आठच मतांनी हरले.

हा हिशेब मी एका राज्यापुरता स्वतः करून पाहिला. व्हर्जिनियाची १७९० च्या जनगणनेतली लोकसंख्या ७,४७,६१०. त्यात गुलाम २,९२,६२७. गुलामांचे तीन-पंचमांश धरले तर प्रतिनिधित्वासाठीचा आकडा होतो ६,३०,५५९. त्याला ३३,००० ने भागून अपूर्णांक सोडून दिला की १९. नुसती स्वतंत्र माणसे, म्हणजे ४,५४,९८३ धरली तर तोच भागाकार १३ वर थांबतो. एका राज्यात सहा जागांचा फरक. (अपूर्णांक सोडण्याची ही रीत जेफर्सन यांनीच उचलून धरलेली. १७९२ मध्ये दुसऱ्या रीतीचे विधेयक वॉशिंग्टननी परत धाडले; अमेरिकेच्या अध्यक्षाने वापरलेला तो पहिला नकाराधिकार.) भाजक तोच ठेवणे हे माझे सोयीचे गृहीत आहे हे वाचकाने ध्यानात घ्यावे, जागांची एकूण संख्या कायम ठेवली तर आकडे थोडे हलतील, दिशा हलणार नाही.

विल्स यांच्यावर टीका झाली, आणि ती दुबळी नाही. तीन-पंचमांश कलम काढले असते तर ॲडम्स जिंकले असते, हे गणित म्हणून ठीक. इतिहास म्हणून काय? १७८७ मध्ये ते कलम नसते तर दक्षिणेची राज्ये संघात आली असती का? ती आली नसती तर ॲडम्स कुणाचे अध्यक्ष झाले असते? ही वीट उपसली की भिंतच राहत नाही. शिवाय न्याय करायचाच तर पेनसिल्व्हेनियाच्या त्या सात मतांचाही करावा लागेल, आणि मग जेफर्सनचे पारडे पुन्हा जड होते. फर्ग्युसन यांच्या कसोटीवर विल्स यांचा जर-तर टिकत नाही, हे मी मान्य करतो.

तरीही या विषयावरच्या सगळ्या पुस्तकांत मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. कारण एकदा त्यांचा हिशेब वाचला की हॅमिल्टन, बर, बेयर्ड यांच्या गोष्टी पूर्वीसारख्या वाचता येत नाहीत. तिथे सुमारे सात लाख माणसे मोजणीत आहेत आणि कथेत नाहीत. ‘तीन-पंचमांश’ हा शब्द ऐकून आपल्याला वाटते, माणसाला अपुरे मोजले ही त्याची अवहेलना. उलट होते. मालकांना गुलाम पुरते मोजायला हवे होते, उत्तरेच्या बऱ्याच प्रतिनिधींना अजिबात नको होते. गुलामाच्या दृष्टीने शून्य हा आकडा सर्वांत बरा होता, कारण त्याच्या नावावर मालकाला मिळणारी सत्ता तेवढी कमी झाली असती.

ॲडम्स राहिले असते तर या माणसांचे काय झाले असते, हा प्रश्न विचारला की जर-तर एकदम देशाबाहेर जातो. सँ-दोमँग, म्हणजे पुढचे हैती, तिथे टूसाँ लूव्हर्त्यूर या गुलामीतून वर आलेल्या सेनानीची सत्ता होती. ॲडम्स सरकारने १७९९ मध्ये त्या बेटाशी व्यापार पुन्हा खुला केला आणि पुढच्या वर्षी अमेरिकी युद्धनौकांनी जाकमेलच्या वेढ्यात टूसाँला मदतही केली. जेफर्सन आल्यावर वारे फिरले. टूसाँची रसद तोडायला अमेरिका फ्रान्सला मदत करील, असे त्यांनी आपल्याला सांगितल्याचे फ्रेंच राजदूत पिशाँ यांनी १८०१ च्या जुलैत मायदेशी कळवले. १८०२ च्या प्रारंभी लक्लेर्कचे सैन्य बेटावर उतरले, टूसाँ कैद होऊन १८०३ मध्ये फ्रान्सच्या डोंगरी किल्ल्यात वारले. पिवळा ताप आणि बेटावरचा प्रतिकार यांनी ते सैन्य खाऊन टाकल्यावर नेपोलियनने लुइझियाना दीड कोटी डॉलरला विकून टाकले. हैती १८०४ मध्ये स्वतंत्र झाला. अमेरिकेने त्याला मान्यता दिली १८६२ मध्ये, लिंकनच्या काळात.

जे यांनी ते अधिवेशन बोलावले असते, ॲडम्स ७० मतांनी परतले असते, तर टूसाँ वाचले असते का? मला इथे हात आखडता घ्यावासा वाटतो. ॲडम्सनी फ्रान्सशी समझोता १८०० च्या शरदातच केला होता. शांततेच्या काळात ते फ्रान्सच्या बंडखोर वसाहतीला किती दिवस धान्य पुरवणार? त्यांचे जोडीदार पिंकनी स्वतः गुलामांचे मालक. फेडरलिस्टांचा टूसाँवरचा लोभ बराचसा व्यापाऱ्याचा होता. पण १८०१ च्या उन्हाळ्यात पिशाँला वॉशिंग्टनमध्ये इतके मोकळे आश्वासन मिळाले नसते, एवढे म्हणायला हरकत नाही. मान्यतेची अठ्ठावन्न वर्षेही कदाचित एवढी लांबली नसती. या दिशेने जाणारी कादंबरी माझ्या तरी वाचनात आलेली नाही. जॉन ॲडम्सचे पणतू हेन्री ॲडम्स यांनी आपला नऊ खंडांचा इतिहास नेमका पणजोबा हरल्यापासून सुरू केला आणि त्यात टूसाँला मोठी जागा दिली. कल्पित लिहिणाऱ्यांपेक्षा इतिहासकाराने इथे अधिक धिटाई दाखवली.

आणि फर्ग्युसन यांच्या कसोटीलाही इथेच तडा जातो. ज्यांनी पर्याय कागदावर ठेवले त्यांचेच पर्याय घ्यायचे, तर लिहिण्याची मुभा नसलेल्यांनी कोणते भविष्य पाहिले होते ते गणतीतच येत नाही. १८०० च्या बाबतीत तर ही सबबही चालत नाही. कारण एक पर्याय कागदावर आहे, न्यायालयाच्या कागदावर.

व्हर्जिनियात रिचमंडजवळच्या प्रॉसर यांच्या मळ्यावर गेब्रिएल नावाचा लोहार होता, वय चोवीस, लिहिता-वाचता येणारा. निवडणुकीच्या त्या उन्हाळ्यात त्याने गुलामांचा उठाव योजला: रिचमंडवर चालून जायचे, शस्त्रे ताब्यात घ्यायची, गव्हर्नर जेम्स मन्रो यांना ओलीस धरायचे, क्वेकर, मेथडिस्ट आणि फ्रेंच यांना हात लावायचा नाही. डग्लस एगर्टन यांनी ‘गेब्रिएल्स रिबेलियन’ (१९९३) मध्ये दाखवले आहे की गोऱ्यांच्या दोन पक्षांतली फूट हीच गेब्रिएलला आपली संधी वाटत होती. म्हणजे १८०० ची निवडणूक तोही वाचत होता, बेयर्डइतक्याच बारकाईने. दिवस ठरला ३० ऑगस्ट. त्या संध्याकाळी असा पाऊस कोसळला की रस्ते आणि पूल वाहून गेले, बेत पुढे ढकलावा लागला. दरम्यान दोन गुलामांनी मालकाला खबर दिली होती. पुढच्या सुनावण्यांतल्या साक्षींमुळे सगळा बेत नोंदला गेला.

नारळीकरांच्या गोळीच्या जोडीला बसवावा असा हा पाऊस आहे. तो पडला नसता तर? बंड यशस्वी झाले असते असे कुणी समजू नये. पण मतदानाला दोन-तीन महिने असताना जेफर्सनच्या राज्याची राजधानी जळत असती, त्यांचे स्नेही मन्रो ओलीस असते आणि त्यांना सोडवायला संघराज्याचे सैन्य धाडण्याची वेळ अध्यक्ष ॲडम्स यांच्यावर आली असती. हॅमिल्टनची सगळी पत्रे एकत्र केली तरी तिच्यात एवढा जर-तर नाही. तरी १८०० चा पर्यायी इतिहास रचणारे लेखक बर यांच्या दिवाणखान्यात बसून राहतात.

फाशीची रांग लांबत चालली तेव्हा मन्रो यांनी हात कुठे थांबवावा म्हणून जेफर्सनकडे सल्ला मागितला आणि जेफर्सननी आता पुरे, अशा अर्थाचे उत्तर दिले. सुमारे पंचवीस माणसे फाशी गेली. गेब्रिएलला १० ऑक्टोबरला रिचमंडमध्ये फाशी दिले. ३ डिसेंबरला त्याच गावी व्हर्जिनियाच्या २१ निर्वाचकांनी जेफर्सन आणि बर यांना मते दिली. ती २१ मते १७९० च्या जनगणनेवरून ठरलेली होती, आणि त्या जनगणनेच्या वेळी गेब्रिएल चौदा वर्षांचा, प्रॉसर यांच्या मळ्यावर होता. त्या एकविसांत त्याचेही तीन-पंचमांश होते.